कोणत्या शेकड्यावर?

“शेकड्याले एक रुपया.” कर्जाचा दर सांगायची ही जुनी रीत वऱ्हाडात अजून सुटलेली नाही. अकोल्याचा बाजार असो की दर्यापूरकडचे एखादे गाव, महिन्याला शेकडा एक म्हणजे वर्षाला बारा टक्के, हे कुणाला समजावून द्यावे लागत नाही. दर कळला की पुढचा प्रश्न ठरलेला : “मंग हप्ता कितीक बसन?” समोरून आकडा येतो आणि कागदावर सही होते.

मधला एक प्रश्न मात्र राहून जातो. कोणत्या शेकड्यावर? पहिल्या दिवशी हाती आलेल्या रकमेच्या शेकड्यावर, की हप्ते फेडत गेल्यावर मागे उरलेल्या रकमेच्या शेकड्यावर?

एक लाख रुपये चोवीस महिन्यांसाठी घेतले असे धरू. मूळ रकमेवर शेवटपर्यंत व्याज धरले तर दोन वर्षांचे व्याज २४,००० रुपये आणि हप्ता ५,१६७ रुपये. उरलेल्या रकमेवर धरले तर हप्ता ४,७०७ रुपये आणि एकूण व्याज १२,९७६ रुपये. रक्कम तीच, मुदत तीच, तोंडी सांगितलेला दरही तोच. फरक ११,०२४ रुपयांचा. पहिल्या रीतीचा दर उरलेल्या रकमेच्या मापाने मोजला तर तो बारा टक्के नसून २१.५७ टक्के निघतो. यात कुणी खोटे बोललेले नसते. शब्द एकच आणि त्यामागचे हिशेब दोन, एवढेच घडलेले असते. त्याची किंमत भरतो तो, ज्याला दुसरा हिशेब मांडता येत नाही.

हे पुस्तक त्या दुसऱ्या हिशेबासाठी लिहिले आहे. अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतले बचत गट, पतसंस्थांमधले तरुण कर्मचारी आणि वाणिज्य शाखेचे विद्यार्थी यांच्यासमोर हप्त्याचे कोष्टक मांडताना एक गोष्ट मला वारंवार दिसली. लोकांना गणिताची भीती वाटत नाही. हप्ता काढणे हे आपले काम आहे, असे त्यांना कधी कुणी सांगितलेलेच नसते. हप्ता कर्ज देणाऱ्याने सांगायचा आणि कर्ज घेणाऱ्याने ऐकायचा, ही वहिवाट फार जुनी आहे. ती मोडण्याचे साधन आता प्रत्येकाच्या खिशातल्या मोबाइलवर आहे.

व्याजाचा हिशेब आपल्याकडे परका कधीच नव्हता. इसवी सन ४९९ मधल्या ‘आर्यभटीया’त एक रीत दिली आहे : व्याजाची रक्कम पुन्हा व्याजाने लावली, तर शेवटी आलेल्या एकूण रकमेवरून मूळचे व्याज कसे शोधायचे. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त, म्हणजे ११५० च्या सुमारास, मुद्दल आणि व्याज एकत्र मिसळलेल्या धनातून दोन्ही वेगळे काढण्याची उदाहरणे आहेत. चाळीसगावजवळच्या पाटण येथे त्यांच्या नातवाने स्थापलेल्या मठाचा शिलालेख आहे; ते ठिकाण वऱ्हाडापासून फार दूर नाही. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी हे अपूर्णांकांचे पाढे मराठी शाळांत पिढ्यान्‌पिढ्या पाठ करून घेतले गेले, तेही बाजारातला आणि वहीतला हिशेब तोंडी व्हावा म्हणूनच. धान्याच्या कर्जाला सवाई आणि दिढी हे शब्द त्याच पाढ्यांतून आले. पेरणीला एक पायली न्यायची आणि सुगीला दीड पायली परत करायची, ही दिढी. काही महिन्यांत पन्नास टक्के.

या व्याजाला एक बांधही होता, दामदुपटीचा. एका वेळी वसूल होणारे व्याज मुद्दलापेक्षा जास्त असू नये, हा स्मृतींतला नियम पुढे मुंबई इलाख्यातल्या न्यायालयांनीही मानला. तो नियम अजून संपलेला नाही. लहान आणि अत्यल्प भूधारक शेतकऱ्यांच्या अल्पमुदती कर्जावर बँकेने आकारलेले एकूण व्याज मुद्दलापेक्षा जास्त होऊ नये, असे रिझर्व्ह बँकेचे निर्देश आहेत. संगणकाच्या सूत्राला हा बांध आपोआप कळत नाही. तो आपणच घालायचा असतो आणि कसा घालायचा, ते या पुस्तकात आहे.

वऱ्हाडात कर्जाचे रूप बदलले ते कापसाने. १८५३ मध्ये हा प्रांत निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आला. १८६१ ते १८६५ या अमेरिकेतल्या यादवीच्या काळात मँचेस्टरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, तेव्हा इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला. पाठोपाठ अकोला आणि बडनेऱ्यावरून नागपूरपर्यंत रेल्वे गेली. युद्ध संपले आणि भाव उतरला, पण नगद पिकासाठी नगद कर्ज काढायची सवय मागे राहिली. पेरणी जूनमध्ये, वेचणी दसरा-दिवाळीपासून पुढे. मधल्या महिन्यांत खर्च रोजचा आणि उत्पन्न शून्य. सावकाराची वही या मधल्या महिन्यांवर उभी राहिली. वही सावकाराची, अक्षर सावकाराचे, बेरीजही सावकाराची.

तिला उत्तर म्हणून दोन वाटा निघाल्या. पहिली कायद्याची. १९३३ मध्ये मध्य प्रांतात कर्ज लवाद कायदा झाला. कर्जदार आणि सावकार यांना समोरासमोर बसवून देणे ठरवावे, ही त्याची कल्पना. त्या काळात प्रांताचे मंत्री असलेले अमरावतीचे डॉ. पंजाबराव देशमुख यांचे नाव या कायद्याशी जोडले जाते. दुसरी वाट सहकाराची. १९०४ च्या सहकारी पतसंस्था कायद्यापासून गावची सेवा सहकारी सोसायटी, जिल्हा मध्यवर्ती बँक आणि राज्य सहकारी बँक अशी उतरंड उभी राहिली. सोसायटीने वही सावकाराच्या ओसरीवरून गावाच्या चावडीशेजारी आणली, हे तिचे मोठे काम. पण वही वाचणारा तिथेही बहुतेक वेळा एकटा गटसचिवच राहिला.

साधनांचा इतिहास याला समांतर चालला. युरोपात सायमन स्टेव्हिनने १५८२ मध्ये व्याजाची कोष्टके छापली. तोवर अशी कोष्टके पेढ्यांच्या तिजोरीत गुपित म्हणून जपली जात. पुढे छापील कोष्टके बँकांच्या टेबलांवर आली, १९७३ मध्ये ह्यूलेट-पॅकार्डचे आर्थिक गणकयंत्र आले आणि १९७९ मध्ये डॅन ब्रिकलिन व बॉब फ्रँकस्टन यांचे व्हिजिकॅल्क हे पहिले लोकप्रिय संगणकीय कोष्टक आले. एक आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेले सगळे आकडे आपोआप बदलतात, हा त्यातला खरा चमत्कार. १९८३ मध्ये लोटस १-२-३, १९८५ मध्ये मॅकिन्टॉशवर आणि १९८७ मध्ये विंडोजवर एक्सेल. हप्ता काढणारे ‘पीएमटी’ हे सूत्र लोटस आणि एक्सेलमधून वाहत आले. लोटसमध्ये मुद्दल आधी लिहायचे, एक्सेलमध्ये दर आधी. आज गुगल शीट्स आणि लिबरऑफिस यांतही ते एक्सेलच्याच क्रमाने चालते आणि ही दोन्ही साधने फुकट आहेत. महाराष्ट्रात तर एमएस-सीआयटीच्या वर्गांमुळे तालुक्या-तालुक्यांतल्या मुलामुलींनी एक्सेल उघडून पाहिलेले आहे. त्या शिकलेल्या एक्सेलने घरच्या कर्जाचा हप्ता काढायचा, एवढेच बाकी आहे.

या क्षेत्रात नवख्या वाचकाने आधी तीन पंथ ओळखावेत. पहिला सपाट व्याजाचा : मूळ रकमेवर पूर्ण मुदतीचे व्याज काढायचे, मुद्दलात मिळवायचे आणि हप्त्यांच्या संख्येने भागायचे. दुसरा समान हप्त्यांचा : व्याज उरलेल्या रकमेवर, पण हप्ता दर महिन्याला सारखा, सुरुवातीला त्यात व्याज जास्त आणि शेवटी मुद्दल जास्त. तिसरा समान मुद्दलाचा : दर हप्त्याला मुद्दलाचा ठरलेला तुकडा आणि वर उरलेल्या रकमेचे व्याज, म्हणून हप्ता उतरत जातो. वरचेच एक लाखाचे उदाहरण तिसऱ्या रीतीने मांडले तर एकूण व्याज १२,५०० रुपये होते. पण पहिला हप्ता किती? ५,१६७ रुपये, अगदी सपाट व्याजाइतकाच. पुढे तो दर महिन्याला सुमारे ४२ रुपयांनी उतरत शेवटी ४,२०८ वर येतो. म्हणजे ज्याने फक्त पहिला हप्ता ऐकला, त्याला १२,५०० रुपये व्याजाचे कर्ज आणि २४,००० रुपये व्याजाचे कर्ज यांतला भेद कळूच शकत नाही. हप्त्याचा आकडा एकटा काही सांगत नाही, पूर्ण कोष्टक सांगते.

म्हणूनच संगणकावर काम करणाऱ्यांतही दोन वळणे आहेत. काही जण कोष्टकाच्या एका घरात सूत्र लिहून मोकळे होतात. काही जण महिन्यागणिक एक ओळ मांडतात : आरंभीची बाकी, व्याज, मुद्दल, अखेरची बाकी. मी दुसऱ्या वळणाचा आहे, पण पहिल्याशिवाय दुसरे पडताळता येत नाही. ‘=पीएमटी(१२%/१२, २४, १०००००)’ हे सूत्र (संगणकावर सूत्रांची नावे रोमन अक्षरांत टंकायची) ४,७०७.३५ हे उत्तर उणे चिन्हासह देते. ते उणे पाहून नवे विद्यार्थी गोंधळतात, जुने दिवाणजी गोंधळत नाहीत. रोजकीर्दीत जशा जमा आणि नावे या दोन बाजू, तशीच ही खूण : हाती आलेला पैसा अधिक, हातातून जाणारा उणे. दराला बाराने भागायला विसरलात तर तेच सूत्र १२,८४६ रुपये हप्ता दाखवेल, कारण संगणकाला वाटेल की दर महिन्याला बारा टक्के आहे. चूक दाखवणारी कुठलीही खूण पडद्यावर येणार नाही. अशा वेळी पावकी-निमकीच्या पिढीची तोंडी अंदाजाची सवय उपयोगी पडते : एक लाखाला चोवीस समान तुकडे म्हणजे चार हजारांच्या थोडे वर, मग बारा हजार कसे?

‘पीएमटी’ची भावंडेही ओळखून घ्यावीत. ‘आयपीएमटी’ आणि ‘पीपीएमटी’ एका हप्त्यातले व्याज आणि मुद्दल वेगळे करतात. दहा लाखांचे घरकर्ज, नऊ टक्के, वीस वर्षे : हप्ता ८,९९७ रुपये, त्यातले पहिल्या महिन्यात ७,५०० व्याज. मुद्दल निम्मे व्हायला १६८ महिने, म्हणजे वीसपैकी चौदा वर्षे लागतात. ‘एनपर’ हप्त्यांची संख्या सांगते. याच कर्जाचा दर सुरुवातीलाच दहा टक्के झाला आणि हप्ता तेवढाच ठेवला, तर २४० महिन्यांचे ३१४ महिने होतात. सहा वर्षे दोन महिने वाढले, आणि हप्ता न बदलल्यामुळे घरात कुणाला पत्ताही लागला नाही. ‘रेट’ उलट दिशेने चालते, हप्त्यावरून खरा दर काढते. त्याला सरळ सूत्र नाही. संगणक अंदाज घेत, सुधारत उत्तराजवळ सरकतो आणि वीस फेऱ्यांत जुळले नाही तर त्रुटी दाखवतो. कर्जदाराच्या दृष्टीने सगळ्यांत मोलाचे सूत्र हेच. एक लाख मंजूर झाले, पण शुल्क आणि विमा कापून हाती ९७,००० आले, हप्ता मात्र लाखाचाच : ‘रेट’ सांगते की बारा टक्क्यांचे कर्ज १५ टक्क्यांच्या वर गेले.

इथपर्यंतचे सारे कोणत्याही भाषेतल्या पुस्तकात मिळेल. पण ही सूत्रे ज्या माणसाला गृहीत धरून लिहिली गेली, त्याला दर महिन्याला पगार मिळतो. वऱ्हाडातल्या कितीतरी घरांत उत्पन्न महिन्याने मोजले जात नाही, हंगामाने मोजले जाते. कापूस दोन-तीन वेचण्यांत येतो. सोयाबीन एकदाच. वरुड-मोर्शीच्या पट्ट्यात संत्र्याचे झाड लावल्यावर फळाला येईपर्यंत पाच-सहा वर्षे जातात आणि मग आंबिया किंवा मृग बहाराच्या एका सौद्यात वर्षाचा पैसा ठरतो. अशा घराला महिन्याचा समान हप्ता लावला की तो हप्ता दुसऱ्या कर्जातून भरला जातो.

हे व्यवस्थेलाही ठाऊक आहे. १ एप्रिल २००२ पासून रिझर्व्ह बँकेने कर्जावरचे व्याज महिन्यागणिक आकारण्याची पद्धत लागू केली, तेव्हा शेतीकर्जे त्यातून वगळली. तिथे व्याज पिकाच्या हंगामाशी जोडलेले राहिले. पीककर्जाचे गणित तर ‘पीएमटी’चे नाहीच, ते तारखेचे आहे. ठरलेल्या मुदतीत फेड केली तर केंद्राची तीन टक्के सवलत आणि राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना मिळून तीन लाखांपर्यंतचे कर्ज बिनव्याजी पडते. मुदत चुकली की सवलत गेली. म्हणूनच दरसाल ‘नवे-जुने’ करण्याची धावपळ होते : चार दिवसांसाठी कुठून तरी पैसे उचलायचे, जुने खाते मिटवायचे, नवे कर्ज घ्यायचे. त्या चार दिवसांचे व्याज कोणत्याच खातेउताऱ्यावर दिसत नाही. तारखांसह सगळी देवघेव मांडून ‘एक्सआयआरआर’ हे सूत्र लावले, की ते दिसते.

संत्र्याच्या बागेचे एक उदाहरण घेऊ. समजा तीन लाख रुपये दहा टक्क्यांनी घेतले आणि पहिली पाच वर्षे काहीच भरले नाही, व्याज मुद्दलात मिळत गेले. सहाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर देणे ४,८३,१५३ रुपये झालेले असते आणि पुढच्या सात वर्षांचा वार्षिक हप्ता ९९,२४२ रुपये. तेच पाच वर्षे नुसते व्याज, वर्षाला ३०,००० रुपये, आंतरपिकातून भरता आले तर पुढचा हप्ता ६१,६२२ रुपयांवर येतो. कोणता मार्ग बरा, हे बाग आणि विहीर पाहून घरच्यांनीच ठरवायचे. संगणकाने ठरवायचे नाही. पण खड्डे खणण्याआधी हे दोन आकडे घरात असावेत, एवढा आग्रह हे पुस्तक धरते.

हा विषय आत्ताच का, याची कारणे सभोवती आहेत. १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या किरकोळ कर्जांसाठी बँका आणि वित्त कंपन्यांनी ‘मुख्य तथ्य विवरण’ देणे बंधनकारक झाले. त्यात सर्व खर्च धरून आलेला वार्षिक दर आणि परतफेडीचे कोष्टक असते. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकानुसार दर बदलल्यावर हप्ता वाढवायचा की मुदत, हे निवडण्याची मुभा कर्जदाराला द्यावी लागते. मार्च २०२२ च्या सूक्ष्म कर्जाच्या निर्देशांनुसार घराची सर्व कर्जांची महिन्याची फेड उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त जाऊ नये. गावच्या सोसायट्यांच्या संगणकीकरणाची केंद्राची योजना जून २०२२ पासून सुरू आहे. कागद हाती येऊ लागला आहे, निवड हाती येऊ लागली आहे. तो वाचणारी आणि पडताळणारी माणसे नसतील, तर हे हक्क सहीच्या आणखी एका जागेपुरतेच उरतील.

आणि या मातीत हा विषय हलका नाही. २००६ च्या जुलैमध्ये पंतप्रधानांनी विदर्भासाठी ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर केली, तेव्हा शेतकरी आत्महत्यांनी होरपळलेल्या सहा जिल्ह्यांत अमरावती आणि अकोला होते. थकलेले व्याज माफ करणे हा त्या योजनेचा एक भाग होता. त्यानंतरही कर्जमाफ्या आल्या. हप्त्याचे सूत्र पाऊस पाडत नाही, कापसाला भाव देत नाही, हे मी पुरते जाणतो. कर्जाचे दुःख गणिताच्या अज्ञानातून येते, असे म्हणणे त्या घरांवर अन्याय करणारे ठरेल. माझे म्हणणे एवढेच आहे : ज्या घराला पाऊस आणि भाव या दोन अनिश्चितींशी झुंजायचे आहे, त्याच्या पाठीवर तिसरी, टाळता येण्याजोगी अनिश्चिती असू नये. आपले देणे नेमके किती, हे त्याला ठाऊक असलेच पाहिजे.

म्हणून या पुस्तकाने स्वतःला काही मर्यादा घालून घेतल्या आहेत. कुठले कर्ज घ्यावे, कुठून घ्यावे, याचा सल्ला ते देत नाही. प्रत्येक सूत्र ते आधी हाताने, वहीवर सोडवते आणि मगच संगणकावर आणते, कारण जे हाताने कधीच केले नाही त्यातली चूक पडद्यावर ओळखू येत नाही. उदाहरणे दुभत्या म्हशीची, शिलाई यंत्राची, ठिबकाची, दालमिलच्या यंत्राची आणि घराची आहेत. बचत गटाच्या अंतर्गत कर्जाचेही गणित आहे : महिना दोन टक्के आणि व्याज थकत गेले, तर वर्षाला चोवीस नव्हे, २६.८२ टक्के कसे होतात ते. पूर्ण रुपयांतले हप्ते, आगाऊ भरणा, चुकलेला हप्ता, बदललेला दर अशा खऱ्या व्यवहारातल्या खाचाखोचांना जास्त पाने दिली आहेत. सपाट महामार्गावर सगळेच चालवतात, कस लागतो तो पांदण रस्त्यावर.

वाचकाकडून एकच अपेक्षा आहे. पुस्तक मिटण्याआधी आपल्या घरातले एक चालू कर्ज निवडा, जुना कागद काढा आणि त्याचे कोष्टक स्वतः मांडा. शेवटच्या ओळीत बाकी शून्य आली आणि मधले आकडे खातेउताऱ्याशी जुळले, तर समाधानाने कागद परत ठेवा. जुळले नाहीत, तर तो कागद घेऊन खिडकीपाशी जा आणि नम्रपणे, पण उत्तर मिळेपर्यंत विचारा, “साहेब, हे व्याज कोणत्या शेकड्यावर?”

अमरावती
गुढीपाडवा